नक्कल केली, मूळ फाडले

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय आहे एक विकर, म्हणजे एन्झाइम. पण त्याच्याकडे वळण्याआधी मला माझे एक जुने वाक्य मागे घ्यायचे आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. २००५ साली एका तालुक्याच्या गावी एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या मेळाव्यात मला बोलावले होते. आदल्या वर्षी, १ एप्रिल २००४ पासून, सरकारने देशातल्या आठ रुग्णालयांत या रोगावरची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली होती. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. समोर ड्रायव्हर होते, शेतमजूर होते, कडेवर मुले घेतलेल्या विधवा होत्या. त्यांना समजेल असे सोपे करून सांगायचे म्हणून मी म्हणालो, "या गोळ्या विषाणूला मारतात." टाळ्या पडल्या. मीही खूश झालो.

त्या सभेत मागच्या रांगेत एक गॅरेजवाले बसले होते. ट्रकची इंजिने उतरवून दुरुस्त करणारा माणूस. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, चार-सहा महिन्यांत अंगावर मांस आले, भूक लागू लागली, ते पुन्हा पाना हातात घेऊन कामाला लागले. आणि आठव्या महिन्यात त्यांनी गोळ्या बंद केल्या. दीडेक वर्षाने ते क्षयरोग घेऊन परत आले. मला भेटले तेव्हा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणाला होता ना, गोळी त्याला मारते म्हणून. मला वाटलं, मेला असंल."

तेव्हा मी दिलेले उत्तर आज आठवत नाही. पण त्यानंतर दर वेळी भेटल्यावर आम्ही दोघे थोडे थोडे या विकराविषयी बोलत आलो. आजचे भाषण म्हणजे बरेचसे त्याच गप्पांचे एकत्रीकरण आहे.

त्यांना मिळालेल्या गोळीत तीन औषधे होती : स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन. या तिन्हींपैकी एकही विषाणूला मारत नाही. तिन्ही औषधे एकाच विकराच्या कामात अडथळा आणतात. त्याचे नाव रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. मराठीत उलट प्रतिलेखन करणारे विकर.

उलट कशाच्या? आपल्या पेशीत माहिती साधारणपणे एका दिशेने वाहते. डीएनए हे कचेरीतले मूळ दप्तर. त्यातून कामापुरती चिठ्ठी काढली जाते, ती आरएनए. चिठ्ठी वाचून प्रथिने बनतात आणि काम झाले की चिठ्ठी फाडून टाकतात. एचआयव्हीच्या कणात दप्तर नसतेच. नुसती चिठ्ठी असते, आरएनएची, सुमारे ९,२०० अक्षरांची, आणि तिच्या दोन प्रती. हा विषाणू पेशीत शिरतो आणि त्या चिठ्ठीवरून डीएनए तयार करून तो आपल्या दप्तरात नेऊन शिवून टाकतो. एकदा शिवला की तो आपलाच एक भाग. पेशी दुभंगली की त्याचीही प्रत निघते. शहाण्या कारकुनालाही मग तो कागद बाहेरचा होता हे ओळखता येत नाही.

असे काही घडू शकते हे मानायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. गोष्ट सुरू होते कोंबड्यांपासून. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी दाखवले की कोंबडीच्या एका गाठीचा अर्क, त्यातल्या पेशी पूर्ण गाळून काढल्यावरही, दुसऱ्या कोंबडीला टोचला तर तिलाही तशीच गाठ होते. गाळणीतून पार होणारे ते काहीतरी म्हणजे विषाणू. राऊस यांना नोबेल मिळाले १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी. दीर्घायुष्याचा असाही उपयोग असतो.

याच राऊस विषाणूवर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॉवर्ड टेमिन काम करत होते. विषाणू आरएनएचा. पण डीएनएवरून आरएनए बनणे थांबवणारे ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध पेशींना दिले की या विषाणूची निर्मितीही थांबे. याचा अर्थ वाटेत कुठेतरी डीएनए असलाच पाहिजे, असे टेमिन म्हणू लागले. १९६४ साली त्यांनी ही कल्पना मांडली. पुढची सहा वर्षे ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ साली मांडलेला 'सेंट्रल डॉग्मा' विरोधकांच्या तोंडी असे. वास्तविक क्रिक यांनी आरएनएपासून डीएनए अशक्य आहे असे म्हटलेच नव्हते. प्रथिनातली माहिती परत न्यूक्लिक आम्लात येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण पाठ्यपुस्तकांनी बाण एकाच दिशेने काढला आणि तोच सर्वांच्या डोक्यात बसला. मीही कित्येक वर्षे फळ्यावर तसाच काढत होतो.

१९७० साली टेमिन आणि त्यांचे जपानी सहकारी सातोशी मिझुतानी यांनी पेशी बाजूला ठेवून थेट विषाणूचे कणच घेतले. त्यांचे आवरण सैल केले, डीएनएची चार अक्षरे पुरवली, त्यांतले एक किरणोत्सारी. डीएनए तयार झाला. आधी आरएनए नष्ट करणारे विकर घातले की मात्र काही होईना, कारण नक्कल करायला मूळच उरत नव्हते. त्याच सुमारास एमआयटीमध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी उंदरांच्या रक्तकर्काच्या विषाणूवर, टेमिन यांच्याशी काही संबंध नसताना, हेच दाखवले. दोघांचे निबंध 'नेचर'च्या २७ जून १९७०च्या अंकात एकत्र छापले गेले. १९७५ साली दोघांना रेनाटो डुल्बेको यांच्यासह नोबेल मिळाले.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो फारसा सांगितला जात नाही. नक्कल करणारे विकर सापडले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७१ साली, कारिन मोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोंबड्यांच्याच एका विषाणूत आरएनए तोडणारी क्रियाही दिसली. तसे तोडणारे विकर १९६९ साली वासराच्या थायमस ग्रंथीत सापडलेले होतेच. त्याला आरएनेज एच म्हणतात. एच म्हणजे हायब्रिड. मोकळ्या आरएनएला ते हात लावत नाही, मोकळ्या डीएनएलाही नाही. एक धागा आरएनएचा आणि दुसरा डीएनएचा अशी संकरित वेणी दिसली की त्यातला फक्त आरएनए कापते. विषाणूच्या बाबतीत गंमत अशी की ही कात्री वेगळी नाहीच. नक्कल करणाऱ्या विकराच्याच दुसऱ्या टोकाला ती बसवलेली आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद वाचून ते बाळबोधीत उतरवणारे जाणकार आपण पाहिले असतील. आरएनए आणि डीएनए यांतले अंतर साधारण तेवढेच. लिपी जवळची, मजकूर तोच, एक अक्षर बदललेले. आता असा लेखनिक डोळ्यांपुढे आणा, की जो उजव्या हाताने बाळबोधीत उतरवतो आहे आणि अठरा अक्षरे मागे राहून डाव्या हाताने मोडीचा मूळ कागद कातरतो आहे. अठरा हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. १९९२-९३च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने या विकराची रचना उलगडली. उजव्या हातासारखा आकार, बोटे, तळवा, अंगठा. तळव्यात अक्षर जोडण्याची जागा, आणि मनगटाच्या पलीकडे कात्री. दोन्हींमधले अंतर साधारण अठरा अक्षरांचे.

उपमा इथे थोडी फसते, तेही सांगायला हवे. लेखणी वेगाने धावते, कात्री मागे पडते. पहिल्या फेरीत ती सलग कातरत जात नाही, अधूनमधून एखादा काप घेते. उरलेले तुकडे मागून येणारी तशीच दुसरी विकरे बारीक करतात. एका विषाणूकणात या विकराचे काही डझन नग असतात, ते त्यासाठी उपयोगी पडतात.

हे सर्व ऐकल्यावर गॅरेजवाल्यांनी विचारले, "पण सर, त्याला मूळ कागद फाडायची गरजच काय? नक्कल झाली, काम झालं. ठेवला तर बिघडतं कुठं?"

प्रश्न अगदी मोक्याचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी ही नक्कल कशी होते हे जरा सावकाश पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक आडवी रेघ काढा. ही विषाणूची चिठ्ठी. डावे टोक म्हणजे सुरुवात, उजवे टोक म्हणजे शेवट. दोन्ही टोकांना सारखाच, शंभरेक अक्षरांचा एक मजकूर आहे, पत्राच्या वर आणि खाली एकच शिक्का असावा तसा. हे शिक्के लक्षात ठेवा.

हे विकर कोऱ्या कागदावर सुरुवात करू शकत नाही. गजरा ओवताना आधीच्या फुलाला गाठ मारूनच पुढचे फूल बसवता येते, तसे त्याला आधीचे टोक लागते. ते टोक विषाणू आपल्याच पेशीतून उसने घेतो. प्रथिने बनवण्याच्या कामातला टीआरएनए नावाचा एक छोटा रेणू जुन्या पेशीतून निघतानाच त्याने बरोबर घेतलेला असतो. तो चिठ्ठीच्या डाव्या टोकापासून जवळच, अठरा अक्षरांच्या जागेवर चिकटतो. तेथून नक्कल सुरू होते आणि ती जाते डावीकडे. म्हणजे जेमतेम १८० अक्षरे उतरवली की कागद संपतो! सगळा मजकूर उजवीकडे पडला आहे आणि लेखनिक डाव्या कडेवर येऊन अडकला आहे.

येथे कात्री कामाला येते. नुकता उतरवलेला आरएनए ती कापून टाकते, त्यामुळे नवा डीएनएचा तुकडा मोकळा होतो. त्यात डाव्या शिक्क्याची नक्कल आहे. तशीच अक्षरे उजव्या टोकाच्या शिक्क्यातही आहेत. हा मोकळा तुकडा उडी मारतो आणि उजव्या शिक्क्याला जाऊन चिकटतो. आता उजवीकडून डावीकडे सगळी चिठ्ठी उतरवायला वाट मोकळी. कात्री चालली नाही तर तो तुकडा जुन्या आरएनएला मिठी मारून बसून राहील आणि उडी होणारच नाही.

पुढे लेखणी चालते, कात्री चालते, मूळ चिठ्ठी नाहीशी होत जाते. एक छोटा भाग मात्र सुटतो. पंधरा-सोळा अक्षरांचा, नुसत्या ए आणि जी या अक्षरांचा पट्टा. त्याची वेणी अशा घडणीची आहे की कात्रीला तो पचत नाही. ही चूक मुळीच नाही. कारण डीएनएला दोन धागे लागतात, आणि दुसरा धागा सुरू करायलाही कुणीतरी आधीचे टोक द्यायला हवे. ते टोक म्हणजे हा न कापलेला पट्टा. एचआयव्हीत तर असे दोन पट्टे आहेत, एक उजव्या टोकाजवळ आणि एक मध्यावर. काम झाले की तेही कापले जातात. त्यानंतर कात्री तो उसना आणलेला टीआरएनए सोडवते, दुसरी उडी होते, दोन्ही धागे एकमेकांच्या आधाराने पुरे होतात.

शेवटी हाती काय येते? सुमारे ९,७०० अक्षरांचा डीएनए. मूळ चिठ्ठी ९,२००ची, आणि नक्कल तिच्यापेक्षा पाचशेहून अधिक अक्षरांनी लांब! दोन उड्या मारताना टोकांचा मजकूर दोन्हीकडे दुपटीने उतरतो, म्हणून. आणि हे लांबलेले टोकच पुढे पेशीला हुकूम देते, की या डीएनएवरून विषाणूच्या चिठ्ठ्या काढा. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा रात्री दोनपर्यंत कागदावर रेघा काढत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला गेलो आणि दुसऱ्या उडीपाशी स्वतःच घोटाळलो.

म्हणजे गॅरेजवाल्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे : मूळ फाडल्याशिवाय नक्कल पुरीच होत नाही. ते ऐकून ते म्हणाले, "म्हंजे जुनं इंजिन उतरवल्याशिवाय नवं बसत नाही, तसंच." अगदी तसेच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी कात्रीच्या पात्यातले एखादेच अमिनो आम्ल बदलून पाहिले. लेखणी शाबूत, कात्री बोथट. असा विषाणू पेशीला लागण करू शकला नाही.

मूळ फाडण्यात विषाणूचा एक धोकाही आहे. आरएनए निघून गेला आणि दुसरा धागा अजून आलेला नाही, अशा मधल्या वेळात डीएनएचा पहिला धागा उघडा पडतो. आपल्या पेशींत अपोबेक-३जी नावाचे एक विकर आहे, ते नेमके अशा उघड्या धाग्यावर झडप घालते आणि त्यातली सी ही अक्षरे बदलून मजकूर निकामी करते. २००२ साली त्याचा शोध लागला. विषाणूकडे त्यावर उतारा आहे, व्हिफ नावाचे प्रथिन, जे या पहारेकऱ्यालाच पेशीच्या कचराकुंडीत पाठवते. हे सारे घडते कुठे? बराच काळ आम्ही शिकवत होतो की नक्कल पेशीच्या मोकळ्या रसात पुरी होते आणि तयार डीएनए केंद्रकात जातो. २०२०च्या सुमारास झालेल्या प्रयोगांवरून दिसते की विषाणूची टोपी, म्हणजे त्याचे आतले कवच, जवळजवळ सबंध अवस्थेत केंद्रकात शिरते आणि नकलेचे शेवटचे काम तिथे, कवचाच्या आडोशाला होते. निवृत्त झाल्यावर अशा दुरुस्त्या वाचताना बरे वाटते. आता परीक्षेचे पेपर बदलावे लागत नाहीत.

आता औषधांकडे येऊ. सर्वांत आधी आले एझेडटी. ते १९६४ साली जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी बनवले होते. तिथे उपयोग झाला नाही, आणि ते बाजूला पडले. १९८७ साली अमेरिकेत ते एचआयव्हीवरचे पहिले औषध म्हणून मंजूर झाले. ते डीएनएच्या अक्षरासारखे दिसते. लेखनिक फसतो आणि ते गजऱ्यात ओवतो. पण या फुलाला पुढची गाठ मारण्याची जागाच नाही. गजरा तिथेच थांबतो. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, पुढे आलेले टेनोफोव्हिर, सगळी याच जातीची. नेव्हिरॅपिनची तऱ्हा वेगळी. ते अक्षरांच्या जागेवर जात नाही. शेजारच्या एका खोबणीत पाचर मारावी तसे बसते आणि विकराच्या हाताची हालचालच आखडते.

२००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही तीन औषधे वर्षाला ३५० डॉलर अशा दराने आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. जगभर लाखो माणसे जगली त्यात या दराचा मोठा वाटा आहे. आणि ती सर्व माणसे एकाच विकराच्या तळव्यात अडकवलेल्या तीन अडथळ्यांवर जगत होती.

मग गॅरेजवाल्यांचे काय चुकले? त्यांचे काही चुकले नाही, त्यांना अपुरे सांगितले गेले होते. ही औषधे पुढची नक्कल अडवतात. जो डीएनए आधीच दप्तरात शिवला गेला आहे, त्याच्यापर्यंत ती पोचतच नाहीत. पांढऱ्या पेशींतल्या काही पेशी वर्षानुवर्षे झोपून असतात आणि त्यांच्यात तो डीएनए स्वस्थ पडून राहतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे स्पष्ट झाले. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत त्यांतल्या काही पेशी जाग्या होतात आणि विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. माणसाला मात्र तेव्हा काहीच जाणवत नाही. म्हणूनच तर गैरसमज होतो.

आणि नुसता परत येत नाही, बदलून येतो. हे विकर चुका करते आणि आपली चूक तपासून खोडण्याची सोय त्याच्याकडे नाही. टेमिन १९९४ साली वारले. कधी धूम्रपान न केलेला हा माणूस फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९५ साली, लुई मान्स्की यांच्यासह त्यांचा एक निबंध छापला गेला. त्यातल्या मोजणीनुसार एका फेरीत साधारण तीस हजार अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे ९,२०० अक्षरांच्या दर तीन-चार नकलांत एक. ऐकायला थोडे वाटते. पण उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणूकण तयार होतात, असा अंदाज १९९६ साली मांडला गेला होता. त्या गर्दीत लेखनिकाची नेव्हिरॅपिनच्या खोबणीपाशी एखादी चूक झालेली असणारच. लॅमिव्हुडिनला दाद न देणारा विषाणूही एकाच अक्षराच्या बदलाने तयार होतो. शिवाय चिठ्ठीच्या दोन प्रती असल्यामुळे लेखनिक मध्येच एका प्रतीवरून दुसरीवर जातो आणि दोन्हींतले बदल एका नकलेत एकत्र येतात. मूळ कागद कापला गेल्यावर ही ये-जा आणखी सोपी होते. तीन औषधे एकत्र देण्याचे कारणच हे, की तिन्हींना एकाच वेळी चुकवणारी नक्कल सहसा आधीपासून तयार नसते.

आता गोळ्या एकदम बंद केल्यावर काय होते पाहा. स्टॅव्हुडिन आणि लॅमिव्हुडिनचा परिणाम लवकर ओसरतो. नेव्हिरॅपिन मात्र रक्तात कित्येक दिवस रेंगाळते. म्हणजे त्या दिवसांत विषाणूपुढे तीन पहारेकरी नसतात, एकच असतो, तोही पेंगुळलेला. त्याला चुकवणारी नक्कल तेवढी वाढते. दीड वर्षाने परत आलेल्या आमच्या मित्रांना तीच गोळी पुन्हा दिली तेव्हा ती लागू पडेना, याचे कारण बहुधा हेच असावे. त्यांनी मला विचारले होते, "एक-दोन दिवस गोळी चुकली तर त्याला कळतं कसं?" त्याला काही कळत नाही. तो चुका करत राहतो, आणि पहारा सैल असेल त्या दिवशी एखादी चूक त्याच्या कामी येते.

आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याची औषधे २००८ साली मुंबई आणि चेन्नईत मिळू लागली, मग इतरत्र. त्यांतले मुख्य औषध वेगळ्या विकरावर, प्रोटीएजवर, काम करणारे होते. ते त्यांना मिळाले आणि लागू पडले. स्टॅव्हुडिन आता वापरात नाही, त्याचे हातापायांच्या नसांवर आणि चरबीवर वाईट परिणाम होत. आज सरकारी केंद्रांत बहुतेक प्रौढांना जी एक गोळी सुरुवातीला देतात, तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर आहे. पहिली दोन आजही याच लेखनिकाला अडवतात, तिसरे डीएनए दप्तरात शिवणाऱ्या सुईला. एखाद्या परिचारिकेला रुग्णाची सुई टोचली तर ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, औषधे सुरू करून २८ दिवस देतात, त्यामागेही हाच विचार आहे : नक्कल शिवली जाण्याआधी गाठायचे. ही माहिती रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला, सफाई कामगारांनाही, असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती भिंतीवरच्या कागदावर असते आणि कागद कपाटामागे असतो.

हेच विकर आपल्या उपयोगीही पडले आहे, हे सांगितले नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. २०२० साली कोरोनासाठी नाकातून स्वॅब घेऊन जी आरटी-पीसीआर चाचणी केली जाई, त्यातले आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन. कोरोनाचा विषाणू आरएनएचा, आणि पीसीआर यंत्राला लागतो डीएनए. म्हणून उंदराच्या किंवा पक्ष्याच्या अशाच विषाणूंतून घेतलेले, सुधारलेले विकर वापरून आधी आरएनएची डीएनएत नक्कल करतात. प्रयोगशाळेत लांब नकला हव्या असतात तेव्हा त्याची कात्री मुद्दाम बोथट केलेली असते. आपल्याला मूळ फाडलेले परवडत नाही.

राहता राहिला गॅरेजवाल्यांचा सर्वांत चांगला प्रश्न. लेखणीवर एवढी औषधे, मग कात्रीवर एकही का नाही? कात्री बंद पडली तर विषाणू बंद पडतो, हे तर सिद्ध झाले आहे. प्रयत्न पुष्कळ झाले. कात्रीच्या पात्यात धातूचे दोन आयन असतात, मॅग्नेशियमचे. त्यांना धरून ठेवणारी रसायने परीक्षानळीत कात्री थांबवतात, पण पेशीत गेल्यावर त्यांचा जोर पुरत नाही. कात्रीची जागा उथळ आणि उघडी आहे, औषधाला पाय रोवायला खोबण मिळत नाही, आणि आरएनए-डीएनएची वेणी तिथे घट्ट बसलेली असते. त्यात आणखी अडचण अशी, की आपल्या पेशींतही आरएनेज एच आहे आणि ते आपल्याला हवे आहे. त्याच्यातल्या एका प्रकारात जन्मतः दोष असेल तर बाळांना एकार्डी-गुटिएर सिंड्रोम नावाचा मेंदूचा गंभीर आजार होतो. म्हणजे विषाणूची कात्री थांबवायची आणि आपली चालू ठेवायची. गंमत अशी की डीएनए शिवणारी विषाणूची सुई, इंटिग्रेज, रचनेने या कात्रीची सख्खी बहीण. तिच्यातलेही असेच दोन आयन धरणारे औषध २००७ साली आले आणि यशस्वी झाले. बहीण सापडली, ही अजून निसटते आहे.

गेल्या दिवाळीत ते भेटले. साठी ओलांडली आहे, गॅरेज मुलाकडे दिले आहे, सकाळची गोळी चहाबरोबर चालू आहे. निघताना दर वेळी विचारतात तेच विचारले, "काय सर, कात्रीचं काही निघालं का?" म्हटले, अजून नाही. "बरं, निघालं की कळवा," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारून गेले.